कांदाचाळीतली अळिंबी

पेरणीच्या खोलीत बोलायचे नाही, हा नियम मीच केला. तोंडावाटे परके बीजाणू उडतात आणि काडाच्या पिशवीत आपल्या अळिंबीआधी तेच रुजतात. म्हणून मी आणि माझ्या दोन सोबतिणी, कमल आणि रंजना, तोंडाला फडके बांधून मुकाट्याने काम करतो. किस्से तरीही साचतातच. आत मौन पाळले की दाराबाहेर जास्त बोलले जाते, असा माझा अनुभव आहे.

*

जागा तात्यांची. निमगाव केतकीत त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेला लागून कांदे साठवायची चाळ रिकामी पडली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती धिंगरी अळिंबीसाठी, म्हणजे मशरूमसाठी, मागितली. तात्यांनी विचारले,

"आमी औषधं मारून बुरशी मारायची, आन् तुमी तिला सावलीत बसवून पाणी पाजायचं. ह्यात शानं कोण, बाई?"

मी समजावले. उसावरची काणी, शिळ्या भाकरीवरचा बुरा, जिलेबीचे पीठ आंबवणारे किण्व आणि पावसाळ्यातली छत्री ही सारी एकाच सृष्टीतली. पण एकाच गावातली माणसे तरी सारखी कुठे असतात?

"गावातली मानसं मला म्हाईत हायती," तात्या म्हणाले, "म्हनून तर भ्या वाटतंय."

शेवटी दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. बागेवर डाग दिसला किंवा दिवाळीला चाळीत अळिंबी उभी नसली, तर गाशा गुंडाळायचा. दुसरी जागा आम्हाला कोणी देणार नव्हते.

*

आठवडे बाजारात एका आजींनी विचारले, हे शाकाहारी का मांसाहारी? आमच्या घरी पंचशील पाळले जाते; खोटे बोलणे त्यात वर्ज्य. अर्धवट उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी सांगितले की ही वनस्पती नाही, हिच्यात हरितद्रव्य नसते. हा प्राणीही नाही. मात्र किड्याचे कवच ज्या द्रव्याचे असते, तेच हिच्या पेशींच्या भिंतीत असते.

आजींनी हातातली पिशवी हलकेच खाली ठेवली. मागच्या दोघींनीही.

परतताना कमल म्हणाली, "बाई, खरं बोलावंच. पर गिऱ्हाईक जितकं इचारंल तितकंच."

पुढच्या बाजारी मी फक्त 'शाकाहारी जेवणात चालते' एवढेच म्हणाले. तेही खरेच होते. माल दुपारीच संपला.

*

तात्या रोज दारात येऊन बी दाखवा म्हणत. रंजनाने एका छत्रीचा देठ काढला, ती काळ्या कागदावर पालथी घातली आणि वर वाटी झाकली. दुसऱ्या दिवशी उचलून पाहिले, तर कागदावर पांढऱ्या रेघांचे चक्र उमटलेले. सगळे बीजाणूच, सुटा एकही डोळ्यांना दिसणार नाही इतके सूक्ष्म.

मी तात्यांपुढे फडके धरले.

"तोंड बांधून हिंडायला मी काय चोर हाय?"

तात्या वाकले, त्यांनी टोपी काढली, चक्राला हात जोडले आणि ते शिंकले.

कागद कोरा झाला.

*

भाद्रपदात मी आठवडाभर बारामतीला लेकीकडे होते. परतले तेव्हा पांढरे धागे धरलेल्या आमच्या सगळ्या पिशव्यांवर हिरवी बुरशी पसरली होती. कमल रंजनाकडे बघत होती, रंजना कमलकडे. तेवढ्यात तात्या आले, हसतमुखाने.

"डाळिंबाच्या मुळास्नी घालतो ती ट्रायकोडर्माची पावडर. तुमच्याबी पिशव्यांवर टाकली. वाईट बुरशी खाऊन टाकती."

ती पावडर म्हणजेही एक बुरशीच. बागेत ती रोगट बुरशीला खाते. आमच्या चाळीत तिला खायला आमची अळिंबीच मिळाली. तिने आपले काम चोख केले होते.

कमल रडू लागली. मला बोलता आले असते. पण तात्यांनी काही लपवले नव्हते, आणि हेतूही शुद्ध होता. मी एवढेच म्हणाले, "पावडर चांगली आहे, तात्या. जागा चुकली."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते दारात आले नाहीत. आम्ही त्या पिशव्या बागेपलीकडच्या बांधाला खड्ड्यात टाकून दिल्या. नव्या भरल्या, त्याही हिरव्या झाल्या.

*

दिवाळी आली. बागेवर एकही डाग नव्हता, पण आमच्याकडे दाखवायला एक छत्रीही नव्हती. शब्द दिला होता. मी चाळीची किल्ली घेऊन तात्यांच्या घरी गेले. सूनबाई म्हणाल्या, "मामा बांधाला हायती. आता रोज तितंच असत्यात."

मी तिकडे गेले. उन्हापासून डाळिंबे झाकायच्या जुन्या साड्यांतली एक साडी आमच्या खड्ड्यावर ताणून बांधली होती. तिच्या सावलीत, टाकून दिलेल्या पिशव्यांमधून, हिरव्या डागांच्या कडेकडेने शिंपल्यांसारखे पांढरे घोस बाहेर आले होते. तात्या हातातल्या पंपाने त्यांच्यावर बारीक पाणी फवारत होते. नाकातोंडावर उपरणे घट्ट बांधलेले.

मी किल्ली पुढे केली आणि बोलायला तोंड उघडले.

तात्यांनी किल्लीकडे पाहिलेही नाही. उपरण्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाले, "बाई, हितं बोलायचं न्हाय."