शोभाला चालू लाईन हवी होती

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे वळत होती, तेव्हा ह्यांचा फोन आला. एरवी ते शाळेच्या वेळात फोन करत नाहीत. "शोभा गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "आता कुठे गेली?" ...माझ्या नणंदेच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या घरात रोजचाच होता. कुणाशी तरी भांडायला, कुठल्या तरी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायला, कुणाच्या तरी मुलीला कारखान्यात चिकटवायला ती सारखी जातच असायची. पलीकडे हे रडायला लागले, आणि मग मला कळलं.

सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटमध्ये ती इलेक्ट्रिशियन होती. तिथेच जिना चढताना छातीत दुखायला लागलं म्हणून पायरीवर बसली. वॉचमन पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. दवाखान्यात नेलं ते आपलं नावापुरतं. अजून पन्नाशीही गाठली नव्हती तिने. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत, भेटायला येणारेही थांबलेत. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "फार जिद्दीची होती हो." मी मान हलवायचे. पण खरं सांगते, मला दुःखापेक्षा राग जास्त येतो. तिचा थोडा, आणि बाकी सगळ्यांचा पुष्कळ.

माझे सासरे पारोळ्याकडून सुरतेला आले ते पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये. त्यांच्या नखांत कधी निळा रंग असायचा, कधी लाल. मी लग्न होऊन गोडादऱ्याच्या या घरात आले, तेव्हा शोभाने नुकताच आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला होता. वर्गात एकटी मुलगी. सासऱ्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. जेवताना ताटावरच बोलणं निघायचं. "आते पोर काय खांबावर चढी?" असं ते अहिराणीत सासूबाईंना विचारायचे, जणू शोभा समोर बसलेलीच नाही. आणि ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, "चढसू. तुमले काय?" बापाशी असं बोलणारी मुलगी मी आमच्या गावात पाहिली नव्हती. मला तिची भीतीच वाटायची. मग एकदा माझ्या खोलीतला पंखा तिने स्टुलावर चढून उघडला आणि मलाच म्हणाली, "वहिनी, नुसतं बघू नका, हा स्क्रू धरा." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

आयटीआय झाल्यावर तिला पांडेसऱ्याच्याच एका प्रोसेसिंग मिलमध्ये अप्रेंटिस म्हणून घेतलं. घरात पेढे वाटले होते तिने, सासऱ्यांच्या तोंडातही बळेच एक कोंबला होता. पहिल्या दिवशी मिलच्या सुपरवायझरने तिला स्टोअररूममध्ये खुर्ची दिली आणि म्हणाला, "बेन, तमे अहीं बेसो." म्हणजे तिने तिथे बसायचं, कोण किती वायर घेऊन गेलं ते लिहायचं आणि पॅनलकडे फिरकायचं नाही. ती आठवडाभर बसली. मग एक दिवस खुर्ची उचलून मशीनखात्यात नेऊन ठेवली, मुख्य इलेक्ट्रिशियनच्या शेजारी. "अहींज बेठी छूं," म्हणाली, इथेच बसलेय की! तो इलेक्ट्रिशियन ओडिशाचा, वयाने मोठा माणूस होता. त्याने तिला हाकललं नाही, पण शिकवलंही नाही. कसं शिकवणार? त्याला तरी कोणी शिकवलं होतं? त्याच्या उजव्या हाताची बोटं भाजून वाकडी झाली होती. ती दाखवून तो म्हणायचा, "मैं ऐसे सीखा, तू भी सीख जाएगी." शोभा घरी येऊन ते सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. "वहिनी, भाजूनच शिकायचं तर मग आयटीआय कशाला? अप्रेंटिस कशाला? सरळ माणसाला जाळात ढकला ना!" पुढे आयुष्यभर ती जी जी भांडणं भांडली, त्या सगळ्यांच्या मुळाशी मला तरी हे एकच भांडण दिसतं.

लग्न जमलं नाही असं लोक म्हणायचे. तिने जमवू दिलं नाही, हे मला माहीत आहे. वरच्या खोलीत ती एकटी राहायची, जेवायला खाली यायची. मिल, मग हाऊसिंग सोसायट्यांची कामं, मग पुन्हा मिल, असं करत तिचं नाव झालं. आणि मग आमच्या गोडादऱ्यातच, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, कौशल्य प्रशिक्षणाचं एक केंद्र सुरू झालं. सरकारी योजनेचं, पण चालवणारे खाजगी. मुलींसाठी इलेक्ट्रिशियनचा छोटा कोर्स, आणि शिकवायला शोभा. तिचा तेव्हाचा चेहरा मला आठवतो. शाळेत येऊन तिने माझ्या जुन्या विद्यार्थिनींची घरं विचारून घेतली. दहावीनंतर घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या, एम्ब्रॉयडरीचे धागे कापणाऱ्या मुली. त्यातलीच एक मनीषा. वर्गात फार हुशार नव्हती, पण एखादी गोष्ट कळली नाही तर हात वर करून तसं सांगायची. शोभाला ती पहिल्याच दिवशी आवडली.

केंद्रात सगळं नवं कोरं होतं. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर बटणं, सॉकेट, होल्डर, मीटर, सगळं ओळीने बसवलेलं. फक्त त्यात वीज नव्हती. फळ्याला लाईनच जोडलेली नव्हती. शोभाने मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, मुलींना काही झालं तर जबाबदारी कोणाची? तिने सांगितलं, जबाबदारी माझी, लिहून देते. तो हसला. त्याला मुलींचा अंगठा सकाळ-संध्याकाळ हजेरीच्या यंत्रावर लागला की पुरे होतं. पाहुणे आले की पिवळी हेल्मेटं निघायची. ती मुलींपेक्षा कमी होती, म्हणून एका रांगेचा फोटो झाला की तीच पुढच्या रांगेच्या डोक्यावर चढायची. शोभा हे सांगताना आधी हसायची आणि मग अर्जाचा कागद पुढे ओढायची... लाईनसाठी तिने अर्ज केले, मॅनेजरच्या साहेबांना भेटली, साहेबांच्याही साहेबांना भेटली. सगळ्यांनी तिला चहा पाजला.

कोर्स संपला. मुलींच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहून सही करायची वेळ आली, आणि शोभाने सही केली नाही.

मॅनेजर आमच्या घरी आला होता. माणूस वाईट नव्हता, पार घाबरून गेला होता बिचारा. "शोभाबेन, सही करी दो ने. मुलींचंच भलं आहे." ती म्हणाली, "ज्यांनी चालू लाईनला एकदाही हात लावलेला नाही, त्यांना मी इलेक्ट्रिशियन म्हणून लिहून देऊ? उद्या ही पोर खऱ्या पॅनलसमोर उभी राहील तेव्हा तुम्ही असाल का तिथे?" तो चहा तसाच ठेवून गेला.

मॅनेजरचं मला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मनीषाची आई आली. हातांना टिकल्यांचा गोंद तसाच होता, काम टाकून आली होती. दारातूनच म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीला फॅक्टरीत घेणार होते. सर्टिफिकेट आणा म्हणे. ते तुम्ही अडवलं ना?"

शोभा म्हणाली, "मावशी, तिला येत नाही अजून. शॉक लागला तर ते सर्टिफिकेट काय छातीवर ठेवायचंय?"

"येत नाही तर तिथे शिकेल. सगळे तसंच शिकतात. आमचं पोट कागदावर चालतं मॅडम, तुमच्या खरेपणावर नाही."

एवढं बोलून ती निघून गेली. त्या रात्री शोभा जेवायला खाली आली नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा, तिच्या आवडीचं, मी वर नेऊन ठेवलं, तर म्हणाली, "वहिनी, ती बाई चुकीचं बोलली का?" मी ताट तिच्या पुढे सरकवलं. आजही मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नाही.

केंद्राने तिला काढलं. नव्या शिक्षकाने आल्या आल्या सगळ्या सह्या केल्या, सगळ्या मुली पास झाल्या, पुन्हा फोटो निघाले. एकटी मनीषा गेली नाही. शोभाने तिला सांगितलं होतं, "तो कागद नको घेऊ. मी तुला शिकवते, चांगल्या ठिकाणी अप्रेंटिस लावते. तिथून जो कागद मिळेल तो खरा." आईशी भांडून त्या मुलीने ते ऐकलं. हा शोभाचा हट्ट होता आणि तो दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर होता. ती माझी नणंद होती, मैत्रीण होती, तरी हे मला लिहायलाच हवं.

पर्वत पाटियाजवळ एम्ब्रॉयडरीचं एक खातं, म्हणजे छोटा कारखाना, आहे. त्या शेठचं पॅनल शोभाने पूर्वी कधीतरी दुरुस्त केलं होतं. त्याच्या मागे लागून लागून तिने मनीषाला तिथे घ्यायला लावलं. "हेल्पर नको, शिकाऊ म्हणून घ्या," हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं. काही दिवसांनी बघायला गेली, तर मनीषा खाली बसून धागे कापत होती. शोभा तडक शेठच्या केबिनमध्ये. शेठ वैतागून म्हणाला, "अरे बेन, तासभर मशीन बंद राहिलं तर व्यापारी माझ्या नावाने बोंबलतो. इथे शिकवायला वेळ कोणाला आहे?" शोभा म्हणाली, "सुटीच्या दिवशी तर मशीन बंदच असतं ना? त्या दिवशी शिकेल. सोबत मी उभी राहते." शेठला फुकटात माणूस मिळत होता, तो कशाला नाही म्हणेल! आणि मग आठवड्याच्या सुटीचा दिवस, जो शोभाचा स्वतःचाही सुटीचा होता, त्या दोघींचा त्या बंद खात्यात जायला लागला.

एकदा डबा घेऊन मी गेले होते. आदल्या दिवशीपासून एक मशीन सुरू होत नव्हतं. मनीषाने पॅनल उघडलं होतं, हातात मीटर, कपाळावर घाम. शोभा तिच्या मागे उभी होती आणि तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. हात पुढे जाऊ नयेत म्हणून. कितीतरी वेळ गेला. मला बघवेना, मी म्हणाले, "अगं, सांग ना तिला." शोभाने नुसती मान हलवली. शेवटी मनीषाने एक जळकी वायर शोधली, लाईन बंद केली, बंद आहे का ते तपासलं, वायर बदलली. मग वळून विचारलं, "मॅडम, बरोबर आहे ना?"

"माले काय विचारस? मशीनले विचार," शोभा म्हणाली. आनंद झाला की तिच्या तोंडी अहिराणीच यायची.

मनीषाने बटण दाबलं. मशीन सुरू झालं, सगळ्या सुया एकदम खाली आल्या... त्या आवाजात आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत होतो. येताना शोभाने गरम लोचो खाऊ घातला, आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या अनोळखी रिक्षावाल्यालासुद्धा बोलावून एक प्लेट दिली. इतकं खूश मी तिला ना आधी पाहिलं, ना नंतर.

तिच्या जाण्यानंतर मनीषा आली, माझ्याजवळ बसून रडली आणि मग तिने एक गोष्ट सांगितली. खात्यातला जुना इलेक्ट्रिशियन गावी निघून गेला आहे. त्याचं सगळं काम आता तीच करते. पण तिची हजेरी अजून धागाकटिंगमध्येच लागते. मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर शेठकडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, शोभाचं दुःख केलं. मनीषाचं मनापासून कौतुक केलं. म्हणाला, "छोकरी एकदम हुशार. मी तिला उद्या इलेक्ट्रिशियन करतो. पण तपासणीला कोणी आलं तर दाखवायला कागद पाहिजे ना?" मी म्हणाले, तुमच्याकडे अप्रेंटिस होती, तुम्हीच लिहून द्या. तेव्हा कळलं की अप्रेंटिस म्हणून तिची नोंद त्याने कधी केलीच नव्हती. शोभाने विचारलं की तो "थई जशे" म्हणायचा. होऊन जाईल. ते कधीच झालं नाही. शोभालाही ते माहीत होतं का, की ती जाईपर्यंत त्या शब्दावर विसंबून होती, हे आता कोणाला विचारू?

मी केंद्रातही गेले. मॅनेजर तोच. त्यानेही शोभाचं दुःख केलं. म्हणाला, जुनी बॅच बंद झाली, आता काही करता येत नाही. मनीषाने पुन्हा नाव नोंदवावं, नव्याने कोर्स करावा. मी चिडले. वर्गात मुलांवर चिडते त्याहून जास्त. म्हटलं, जी मुलगी रोज मशीनं चालू करते, तिला तुम्ही बटण म्हणजे काय ते शिकवणार? तो म्हणाला, "टीचर, सिस्टीम आहे." ज्या मुली पास झाल्या, त्यांतल्या कोणी इलेक्ट्रिशियनचं काम करते का, असं मी विचारलं. त्याने पाणी मागवलं.

घरी येऊन मी मनीषाला सांगितलं, सोड ते, आपण दुसरं काही बघू. पण तिने ठरवूनच टाकलं होतं. "बाई, मी परत बसते. किती दिवस वाट बघू?" सध्या ती सकाळी खात्यात मशीनं दुरुस्त करते आणि दुपारी केंद्रात जाऊन, हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावून, प्लग कसा ओळखावा ते शिकते. तिची आई मला रस्त्यात भेटली तर दुसरीकडे बघते.

परवा मनीषा वर्गातून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, त्या बटणांच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मॅडमचं अक्षर अजून आहे. खडूने लिहिलेलं. मराठीत, हिंदीत, गुजरातीत. 'हात लावण्याआधी तपासा.'" मला बरं वाटलं. म्हटलं, नव्या सरांनी मुद्दाम राखलं असेल, भला माणूस दिसतो.

"नाही बाई," ती म्हणाली. "त्या फळ्याजवळ कोणी जातच नाही."