नापास मॅडमची सही

आमच्या दारव्ह्याच्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात ओरडणारी माणसं पुष्कळ होती. चूर्णाच्या गिरणीवरचा माणूस ओरडायचा, कारण गिरणीच्या आवाजापुढे त्याचा इलाज नसे. माझे सासरे, अण्णा, ओरडायचे, कारण ते वैद्य होते, मालक होते आणि मुळात तापट होते. या गोंगाटात सगळ्यात हळू आवाजात बोलायच्या त्या आमच्या तपासणी विभागाच्या मॅडम. माल पसंत पडला तर मान हलवायच्या. नापसंत पडला तर इतक्या हळू 'नाही' म्हणायच्या की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. पण एकदा आलेलं ते 'नाही' दारव्ह्यातल्या कुणालाही मागे घ्यायला लावता आलं नाही. कामगारांनी त्यांचं नाव नापास मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

त्या मूळच्या बाभुळगावच्या, बौद्ध कुटुंबातल्या. रसायनशास्त्र शिकून आमच्याकडे आल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना नेमलं ते केवळ औषधं बनवण्याच्या सरकारी प्रमाणपत्राच्या नियमात तसा माणूस ठेवणं भाग होतं म्हणून; त्याच्या सहीशिवाय माल बाहेर पाठवता येत नसे. गोदामाशेजारची एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक भट्टी त्यांना मिळाली. त्या भट्टीत त्या चूर्णाची राख करायच्या. राख जास्त निघाली, की चूर्णात माती. पहिल्याच महिन्यात अण्णांच्या जुन्या व्यापाऱ्याची शतावरी त्यांनी परत पाठवली. "हा माणूस माझ्या वडिलांपासून माल देतोय," अण्णा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "देत असंन. पण अण्णा, मातीही तवापासूनच देऊन राह्यला असंन तं?" अण्णा दिवसभर फणफणत होते, पण व्यापारी बदलला.

नुसतं नापास करून त्या थांबत नसत, हा त्यांचा आणखी एक गुण. झरी जामणीकडून येणारा हिरडा नापास झाला, तेव्हा जीप पकडून त्या स्वतः तिकडच्या पाड्यावर गेल्या. बायकांनी वेचलेला हिरडा डांबरी सडकेवर वाळत होता आणि भरला जात होता युरियाच्या रिकाम्या पोत्यांत. परत आल्यावर अण्णांपुढे बसून म्हणाल्या, "त्या बायांची काय चूक? आपन भाव विचारतो, वाळवलं कुठं ते कोनी विचारते का?" अण्णांच्या खर्चानं कोरी पोती आणि ताडपत्र्या पाड्यावर गेल्या. त्या बायका मग दर हंगामात मॅडमची चौकशी करायच्या. त्यांच्यासाठी मोहाची फुलं यायची, आणि मॅडम तीसुद्धा आधी उन्हात पसरून, निवडून मगच घरी न्यायच्या. आम्ही हसायचो.

आता त्या कढईबद्दल सांगायला हवं. आमचा च्यवनप्राश अण्णांच्या आजोबांच्या पितळी कढईत होई. आवळ्याचा हंगाम आला, की तिला कल्हई लावायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मग पहिला घाणा. मॅडम त्या वेळी बाजूला हात जोडून उभ्या राहत. पूजा आटोपली की म्हणत, "झाली तुमची? आता माही," आणि कढई धुतलेलं पाणी तपासायला घेऊन जात. अण्णांचा सगळा भर पूजेवर. औषधात जी ताकद आहे ती त्या कढईतून येते, असा त्यांचा ठाम विश्वास होता, आणि घरात त्याविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती.

ज्या वर्षी प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं, त्याच वर्षी आमचा नेहमीचा कल्हईवाला वारला आणि दुसरा आला. कढई नेहमीपेक्षा चकचकीत दिसत होती. घाणा उतरला, बरण्या भरल्या, लेबलं लागली. नमुना नागपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल आला: शिसं मर्यादेपेक्षा जास्त. अण्णांनी आधी प्रयोगशाळेला शिव्या घातल्या, मग आवळेवाल्याला. मॅडमनी त्याच आवळ्यांचा, त्याच वनस्पतींचा एक लहान घाणा स्टीलच्या पातेल्यात केला आणि तोही नागपूरला पाठवला. तो स्वच्छ निघाला. नव्या कल्हईवाल्यानं कथलात शिसं मिसळलं होतं आणि धुतलेल्या पाण्यात न दिसलेलं ते आवळ्याच्या आंबटानं अलगद औषधात उतरलं होतं.

अण्णा कार्यालयात आले तेव्हा मी तिथंच टेबलाशी होते. तेव्हा मला दिवस गेले होते, आणि बसल्या जागी करायची कामं माझ्याकडे होती. अण्णा गरजले, "तीन पिढ्या या कढईत च्यवनप्राश होतोय. कुणाला काही झालं? थंडी तोंडावर आली, दुकानदार खोळंबलेत. सही करा. पुढच्या घाण्याला बघू."

मॅडम म्हणाल्या, "नाही."

"माझ्या आजोबांचा अपमान करताय तुम्ही."

"आजोबाच्या कढईले मी काही म्हनत नाही, अण्णा. हे औंदाच्या कल्हईचं आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "एक सांगा. सूनबाईले रोज सकाळी चमचाभर देता तुमी. कोन्त्या बरणीतलं देऊन राह्यले?"

अण्णांना मी रागावलेलं रोज बघत होते. घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते उठले, मागच्या दारानं घरात गेले आणि माझ्या फडताळातली बरणी स्वतः उचलून आणून मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्याच घाण्यातली होती. ती सुरू करून जेमतेम आठवडा झाला होता, पण माझं रक्त तपासायला गेलं आणि अहवाल येईपर्यंत त्या माणसाला अन्न गोड लागलं नाही. अहवाल चांगला आला. अण्णा देवघरात जाऊन बसले, आणि बाहेर आल्यावर सगळा माल नष्ट करायला सांगितला. शेतात पुरू म्हणाले, तर मॅडमनी तिथंही नन्नाचा पाढा लावला: "वावरात पुरसान तं उद्या शतावरीतून आपल्याच घरी येईन." शेवटी तो घातक कचरा नेणाऱ्यांकडे रीतसर गेला. त्या हंगामात आमचा च्यवनप्राश बाजारात उशिरा पोचला. प्रमाणपत्र मात्र मिळालं. आता हळदकुंकू स्टीलच्या पातेल्याला वाहतात, आणि नारळ अजून अण्णाच फोडतात.

माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मॅडमना नागपूरच्या एका प्रयोगशाळेनं बोलावलं. मोठं पद होतं, नवराही तिकडेच नोकरीला. मी म्हटलं जा. अण्णा म्हणाले जा, पण बदली माणूस मिळाल्यावर. आणि बदली माणूस काही मिळेना. एकाची पदवी कमी, दुसऱ्याचं अक्षर वाईट, तिसरा फार बोलतो. मॅडम शेवटी हसून म्हणाल्या, "नापास मॅडम म्हनतात मले, अन् सगळ्यायले नापास तुमी करून राह्यले." अण्णा ओशाळले. मग म्हणाले, उद्या उमेदवारांना मी एकच प्रश्न विचारणार.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बरणी होती आणि तिचा तपासणीचा कागद. त्यातला धातूंचा रकाना कोरा. अण्णांनी प्रत्येकाला सांगितलं, "नागपूरचा अहवाल उद्या येईलच. पण गाडी दारात उभी आहे. सही करा." पहिल्यानं लगेच केली. दुसऱ्यानं 'अहवालाच्या अधीन राहून' असं लिहून केली, आणि ती युक्ती अण्णांना जराशी आवडलीदेखील. तिसरी झरीकडची एक मुलगी होती, औषधनिर्माणाची पदवी नुकतीच घेतलेली. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "अहवाल येऊ द्या. मंग करीन."

"गाडी थांबणार नाही."

"मंग रिकामी जाऊ द्या."

अण्णांनी आवाज चढवला. सुरुवातीला तो लटका होता, पण मी त्यांना ओळखते, पुढे तो खरा झाला. "तुला नोकरी पाहिजे की नको?"

मुलीचा चेहरा पडला होता, पण ती म्हणाली, "पाहिजे नं. म्हनून तं करत नाही."

ती आपली पिशवी उचलून निघाली. अण्णांनी तिला हातानंच थांबवलं आणि खुर्ची दाखवली. ते मॅडमकडे वळले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. मग अण्णा, ज्यांना हळू बोलता येतं हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, इतक्या हळू बोलले की मॅडमना पुढे वाकावं लागलं.

"बाई, आता तुम्ही जा."