चालू झाला काय गो?

कुंदाताईंचा आवाज मी माझ्या हातांनी कापला होता.

कुंदाताई माझी मोठी नणंद. पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्या स्वतः करायच्या, तिथे दुसऱ्या कुणाला ब्रश लावू द्यायच्या नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मी रोह्याला. नवरा धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेला, मुलं बाहेर, दुपारी मी मोकळीच. एक दिवस ताईंनी फर्मान काढलं.

"मुंबईची गिऱ्हाइकं व्हिडिओ मागतात. तू शीक तो."

"मला नाही जमणार, ताई."

"का गो? कॉन्व्हेंटात हा नाय शिकवला काय?"

लग्न होऊन आले तेव्हापासून माझी कॉन्व्हेंटची शाळा अशी टोमण्यात निघायची.

मग पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात एडिटिंगचा क्लास लावला. सगळी कॉलेजची मुलं आणि त्यांच्यात मी. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीहून लहान.

पहिला धडा ट्रिमचा. क्लिपची सुरुवात आणि शेवट बहुतेक वेळा खराब असतो. कॅमेरा हलतो, कुणी बोलतं, कुणी खोकतं. तेवढं कापायचं.

मी घाबरत घाबरत कापायचे.

मॅडम म्हणाली, "काकू, बिनधास्त कापा. इथे काही जात नाही. क्लिपची कड धरून बाहेर ओढली की कापलेलं परत येतं. ओरिजिनल फाइल तेवढी डिलीट करू नका."

तिथून पेणच्या फेऱ्या सुरू झाल्या. ताई डोळे आखायच्या, मी मोबाइल धरायचे.

त्यांची एक सवय होती. आखताना श्वाससुद्धा धरून ठेवायच्या. एक शब्द नाही. बोलायचं ते आधी, नाहीतर नंतर.

आणि आधीचं-नंतरचं मी ट्रिम करायचे.

उरायचा हात, ब्रश आणि डोळा. खाली मी बासरी लावायचे.

ताई खूश. "हां, आता बरा वाटतो. माझी बडबड नको त्यात."

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, रूपालीचा फोन आला.

"मामी, आईचा आवाज आहे का गं तुझ्याकडे कुठे? तिचा फोन बंदच पडलाय. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही."

मी सगळे व्हिडिओ लावून पाहिले. बासरी, बासरी, बासरी.

तिला नाही म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना मॅडमचं बोलणं आठवलं. हात तसेच पुसले आणि लॅपटॉप उघडला. जुना प्रोजेक्ट होता. ओरिजिनल फाइली जिथल्या तिथे होत्या.

बासरी म्यूट केली. क्लिपची कड धरली आणि डावीकडे ओढली.

"चालू झाला काय गो?"

दुसरी क्लिप.

"पंखा बंद कर आधी. रंग सुकतो."

तिसरी.

"माझा तोंड नको घेऊ हां, हात घे नुसता. अगो, पण चालू झाला काय?"

मागून माझा आवाज, "हो ताई, कधीच झालाय!" मग आम्ही दोघी हसतोय.

त्यानंतर उजवी कड ओढली.

दुसरा डोळा पुरा होतो. ब्रश वर उठतो. धरलेला श्वास सुटतो. आणि ताई मूर्तीकडे वाकून हळूच विचारतात,

"दिसतो काय रे आता?"

प्रत्येक मूर्तीला विचारायच्या. प्रत्येक वेळी मी ते कापलं होतं.

या पोस्टखालचा व्हिडिओ त्या कापलेल्या तुकड्यांचाच आहे. कॅमेरा हलतो, म्युझिक नाही. मॅडम पास करणार नाही.

रूपालीला सकाळीच पाठवला. अजून फोन नाही. "ऐकतेय" एवढाच मेसेज आला.

कुंदाताई, तोंड कुठेही दिसत नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं.

बडबड मात्र सगळी ठेवली आहे.

नमस्कार करते, ताई.