पहिला मासा गिरणेचा

पाचोऱ्याला उतरले तेव्हा सकाळीच फलाटावरच्या बाकाला हात लावायची सोय नव्हती, इतकं तापलं होतं. खांद्यावर माझी लांब नळी. तिच्यात मासेमारीची काठी आणि डबीभर पिसांचे गळ. रिक्षावाल्याने नळीकडे बघून विचारलं, "मोजनीवाल्या का मॅडम?"

"नाही हो भाऊ, मासे धरायला आलेय. गिरणेवर."

तो मनापासून हसला. "गिरनामा? आते (आता)? वाळू धरा ताई, ती बी उरनी व्हई तर."

मला हसू आलं नाही. माझी फुई (आत्या), जिला अख्खं गाव अक्का म्हणतं, महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तिच्या सुनेने फोनवर रडत सांगितलं होतं, जेवण सोडलंय, एकच धोशा लावलाय, गिरणेचा मासा. बाजारातला शेततळ्यातला करून वाढला, तर वासावरूनच ताट सरकवलं म्हणे. म्हणून मी आले होते. मी नाही आणायचा तर कोणी?

कारण हे वेड तिचंच. चौदा वर्षांची असताना सुट्टीत तिच्याकडे आले आणि नदीवर गांडूळ बघूनच ओकले. अक्का करवादली, "पुन्यानी नवाबीन!" पण दुसऱ्या दिवशी तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं गोधडीच्या दोऱ्याने गळाला बांधून माझ्यापुढे टाकली. ते पीस पाण्यावर नाचवलं नि खालून मासा उसळला! झालं, माझं उभं आयुष्य नासलं ते त्या दिवशी. पुढे हिमाचलात लोक मोठ्या ऐटीत पिसाचे गळ फेकताना दिसले तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमची अक्का!

तिचा नियम एकच. पहिला मासा नदीचा, दुसरा आपला. पहिला सोडताना म्हणायचं, "जाय माय, लेकरं लई (घेऊन) ये." मी आजवर कुठल्याही पाण्यात हे चुकवलेलं नाही.

घरी पोचले. अक्का चादरीत सापडेना, एवढीशी झालेली. "उनी का माय?" म्हणाली नि हात सोडेना. सुनेने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. अक्का माझ्या घासाकडे बघतही नव्हती. भाकरी तशीच गिळली आणि नदीवर गेले.

नदी कसली! टेकाडावरून बघितलं. पात्रात खड्डेच खड्डे, मधोमध ट्रॅक्टर. माझ्या हातातली नळी दिसताच चोरून वाळू उपसणारे लोक घमेली टाकून पळाले. त्यांनाही मी सरकारी मोजणीवालीच वाटले. एरवी पोट धरून हसले असते. एक म्हातारा तेवढा बसून राहिला. त्याला विचारलं, "आबा, जांभळीखालचा डोह कुठेय?"

"जांभूळ पडनी, डोह आटना. थोडं पानी शे तठे, खडकना मांगे (मागे). पन काय मिळनार शे तुले?"

खडकामागे एक डबकं होतं. ज्या डोहात अक्का मला उतरू द्यायची नाही, तो हा. आता गुडघाभर, हिरवट, कडेला पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा पाइप सोडलेला. मी काठी जोडली, फेकत राहिले. डोकं भणभणायला लागलं. एकदा पीस बाभळीत अडकलं, सोडवताना हात फाटला. मी त्या पाण्याला चक्क शिव्या घातल्या. ऊन कलल्यावर पाणी फुटलं नि काठी वाकली. मरळ! हातभर लांब, काळी, जिवंत!

सवयीने तोंडात शब्द आलेच होते, "जाय माय..." मी ते गिळले. म्हटलं, खड्ड्यात गेला नियम, आज अक्का जेवली पाहिजे. मरळ चिवट जात. आबांची बादली मागून घेतली आणि ती जिवंतच घरी आणली.

अक्काने उठवून बसवायला लावलं. बादलीत हात घातला, माशाच्या पाठीवरून फिरवला. महिन्यानंतर ती हसली, असं सून म्हणाली. मग अक्काने माझ्याकडे बघितलं.

"कितवा शे हाऊ?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "पहिला."

तिचा हात बाहेर आला. "मंग आठे (इथे) कसाले आना? सोडी ये."

"अक्का, तिथे पाणी नाही गं! इंजिन लावलंय. दोन दिवसांत आटेल सगळं!"

"गिरना कधी आटस का? सोडी ये माय."

मी बादली उचलून परत गेले. इंजिन धडधडत होतं, डबकं सकाळपेक्षाही खाली गेलं होतं. मरळ सोडली. "जाय माय," एवढंच म्हणता आलं. लेकरं कुठून आणायला सांगू तिला? तिथेच चिखलात बसून ढसाढसा रडले.

परतले तेव्हा अक्का वाट बघत बसली होती, उशीला टेकून, पुढ्यात रिकामं ताट घेऊन.

"गई का खोल पानीमा?"

"गेली."

"मंग दुसरा कोठे शे?"

दुसरा नव्हताच; मी तिच्या पुढ्यातलं रिकामं ताट उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परतीसाठी पाचोऱ्याची एसटी धरली. आयुष्यभर पहिला मासा सोडताना मला स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटत आलं. दुसरा मिळणारच, या भरवशावर मी तो सोडत होते. एसटी गिरणेच्या पुलावर आली तेव्हा आतल्या सगळ्यांनी सवयीने खाली बघितलं. मी नळी सीटखाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले.