नळी पिवळी झाली नाही
परवा सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेले, लिफ्टमध्ये त्या औषधाचा वास भरला आणि माझं डोकंच फिरलं. पीएचडी करत होते तेव्हा चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमागे मी संशोधनासाठी मधमाश्यांची पेटी ठेवली होती. मेंदूतलं एक एन्झाइम कमी पडलं की माशी घरची वाट चुकते का, हे मला बघायचं होतं. ओळखायला शे-दीडशे माश्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. एका सकाळी बघते तर त्या ठिपकेवाल्या माश्या फरशीवर उताण्या पडून गरगर फिरतायत. ऑडिट आहे म्हणून कँटीनच्या सुपरवायझरने कीटकनाशकाची फवारणी करून घेतली होती. "अहो, एक फोन तरी करायचा!" मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी काय करणार होता? मुंडकीच कापणार होता ना?" तणतणत मेलेल्या माश्या गोळा केल्या आणि लॅबमध्ये त्यांचे मेंदू तपासले. एन्झाइम काम करत असलं की नळीतलं द्रावण पिवळं होतं. एकही नळी पिवळी झाली नाही. औषधाने नेमकं तेच एन्झाइम बंद पाडलं होतं. माझ्या अख्ख्या प्रबंधातला सगळ्यात स्पष्ट निकाल तोच ठरला. त्याबद्दल शाबासकी मिळाली, ती मी घेतलीही. त्या सुपरवायझरला शिव्या घालायला आजही तोंड उघडतं, पण ती शाबासकी आठवते आणि शिवी माझ्याकडेच वळते.