बिजलीचं डोहाळजेवण

तबेल्यात दोन गोष्टींचा ढीग रोज साचतो: शेण आणि किस्से. शेण निदान कोणीतरी उचलून नेतं!

पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पुढे आमचं घोडेस्वारी शिकवणारं छोटंसं केंद्र आहे. लष्करातून निवृत्त झालेले रिसालदार ते चालवतात आणि मी कर्वेनगरहून, गुडघे कुरकुरत असले तरी, नेमाने जाते. आम्हा सगळ्यांना खोगिरावर बसायला शिकवलं ते बिजलीने. म्हातारी, तांबडी, फार समजूतदार घोडी. एकालाही तिने कधी पाडलं नाही. तर हे किस्से तिचेच.

*

उन्हाळा लागला की घोड्यांचे थंडीतले केस गळतात. बिजलीचे गळेनात. उलट लांब आणि कुरळे झाले! आम्ही खूश. "खाणं अंगी लागतंय हो!"

एका बाईंनी तर विचारलंच, "रिसालदार, शांपू कुठला वापरता?"

"तिला विचारा," रिसालदार म्हणाले, "मला टक्कल आहे."

*

मग तिचं पोट सुटलं. रिसालदारांच्या पत्नी, आमच्या सुलभाकाकू, यांनी जाहीर केलं, "गाभण आहे!"

लोणी काळभोरचा कदम आमच्या घोड्यांची निगा राखतो. तो चाचरत म्हणाला, "काकू, आपल्याकडचं समदं घोडं खच्ची केल्यालं हायत. मग बाप कोन?"

"ते आपण नंतर बघू."

रविवारी डोहाळजेवण ठरलं. बिजलीच्या पाठीवर हिरवं लुगडं, गळ्यात फुलांची वाडी. दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे धरल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बिजलीने दोन्ही वाट्या उलथवल्या आणि दोन्ही खाल्लं!

"जुळं!" सगळे ओरडले.

ती पुढचे पाय लांब टाकून, मागे रेलून उभी होती. आम्ही म्हटलं, डोहाळे लागलेत.

*

जेवायला डॉक्टर मुग्धाताईंनाही बोलावलं होतं. त्या घोड्यांच्याच डॉक्टर. बिजलीला बघताच त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. खुरांना हात लावला. खुरं गरम होती.

"पाणी किती पिते?"

"बादल्या भरून हात दुखत्यात," कदम म्हणाला.

"ही गाभण नाही. आजारी आहे. आणि तिला बर्फी कोणी दिली?"

काकूंनी रिकाम्या वाट्या पदराआड सरकवल्या.

मेंदूखालची एक ग्रंथी म्हातारपणी बिघडते, नको इतकं संप्रेरक सोडते, असं त्यांनी सांगितलं. केस गळत नाहीत, पाठ खंगते, पोट लोंबतं, तहान वाढते, जखमा भरत नाहीत. "लोक म्हणतात, वय झालं. आणि मग खुरं आतून सुजून जातात, गोडाने तर आणखीच. आणखी थोडं थांबला असतात, तर ती उभी राहिली नसती."

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. मला रडूच आलं. त्या दिवशी मुग्धाताई आमच्याकडे जेवायला आल्या, याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते.

*

मुग्धाताई लक्षणं सांगत होत्या तेव्हा काकू बिजलीकडे बघतच नव्हत्या. त्या रिसालदारांकडे बघत होत्या.

"डॉक्टर, तहान, खंगणं, जखम न भरणं... यांच्या अंगठ्याची जखम कधीची आहे!"

"मी घोड्यांची डॉक्टर आहे, काकू."

"आम्ही आजवर यांना घोड्यांपेक्षा वेगळं कुठे धरलंय?"

दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना तपासायला नेलं. साखर भरमसाट वाढलेली! "याआधी कोणाला दाखवलं होतं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"घोडीच्या डॉक्टरांना," रिसालदार म्हणाले.

*

आता दोघांनाही गोड बंद. पण मांजरीत ऊस काय कमी? जो येतो तो बिजलीला कांडं नाहीतर गुळाचा खडा पुढे करतो. शेवटी काकूंनी पाटी लावली: "घोडीस गोड देऊ नये. प्रेम अनावर झाल्यास शेण उचलावे."

तेव्हापासून प्रेम बरंच आवरलंय.

*

त्याच दोन वाट्या आता रोज सकाळी निघतात. एकीत बिजलीची गोळी, भाकरीच्या तुकड्यात दडवलेली. दुसरीत रिसालदारांची. यंदा उन्हाळ्यात तिचे केस गळाले, कदम खरारा करून दमला. ती सरळ उभी राहते, मऊ मातीत फेरीही मारते.

परवा रिसालदार वैतागले. "आज मला नको. रोज काय तेच!" म्हणून त्यांनी आपली वाटी बाजूला सारली आणि बिजलीची तिच्यापुढे धरली.

बिजलीने वास घेतला. मान फिरवली. तोंड घट्ट मिटलं. कदमने चुचकारलं, काकूंनी मानेवर थोपटलं, मी विनवलं. ती ढिम्म!

काकूंनी दुसरी वाटी नवऱ्याच्या हातात दिली. रिसालदारांनी बिजलीकडे बघितलं, गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायलं.

बिजलीने तोंड उघडलं.