चुलीत गेलेलं सागाचं पान

लहानपणी पानगळ म्हणजे आमचं सरपण. आई रानातून सागाचा पाला गोळा करायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. आता घरातली पहिली पदवीधर मी त्याच रानात नुसती फिरते आणि घरी येऊन पानांची चित्रं जलरंगात रंगवते.

परवा एक जाळीदार पान समोर खिडकीत ठेवून त्याचं चित्र अर्धं रंगवलं आणि चहाला उठले. परत येते तर खिडकीतलं पान गायब!

"आई, माझं पान?"

"चुलीत घातलं. वाळला पाला खिडकीत मांडतात होय, बाई? पाणी तापलंय, अंघोळ करून घे."

मी हादरलेच. तशीच न्हाणीत गेले. तांब्याभर पाणी अंगावर घेतलं, तर त्याला तोच जुना धुराचा वास. इतकी वर्षं मी ही पानंच अंगावर घेत आले होते.

चित्रातलं उरलेलं अर्धं पान आठवणीतून रंगवलं. आमच्या भिंतीवर लागलेलं ते पहिलं चित्र.